लिंबाजीमामांचा अंगठा

लिंबाजीमामांना लिहिता-वाचता येतं हे मला त्यांच्याबरोबर दोन वर्षं काम केल्यावर कळलं. तोवर मी त्यांना निरक्षर समजत होतो, आणि त्यात माझी काही चूक नव्हती. रोज सकाळी हजेरीच्या वहीपाशी येऊन ते डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचे, वहीत उमटवायचे आणि भिंतीला पुसायचे. भिंतीच्या त्या कोपऱ्यात निळ्या डागांचा एक पट्टाच तयार झाला होता. मग एका दुपारी बाभळीखाली बसून, भाकरी बांधून आणलेल्या वर्तमानपत्रातली बातमी ओठ हलवत वाचताना ते मला सापडले.

“मामा, तुम्हाला वाचता येतं?”

“कामून इचारतो?”

“मग सही का करत नाही?”

“सही काय, कुनाला बी करता येती. माझा अंगठा उमटवून दाखव म्हनावं कुनाला.”

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि टोपीत ठेवली. बातमी कुठली आहे ते मी पाहीन, अशी शंका त्यांना आली असणार.

आमचं कार्यालय शहराचे आराखडे करायचं. शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. कुठली जमीन घरांना, कुठली कारखान्यांना, कुठली मोकळी ठेवायची, हे नकाशावर ठरायचं आणि तो नकाशा शाईने उतरवून काढणारा अनुरेखक मी. मामा मोजणीच्या पथकात साखळी ओढायचे. मूळचे कन्नडच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. रोगात मेंढरं गेली तेव्हा शहरात आले आणि काठीच्या जागी हातात साखळी आली. उंच, काटकुळे, डोळे सतत बारीक केलेले. उन्हामुळे की संशयामुळे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“कामून इचारता?” हे त्यांचं पहिलं उत्तर असायचं, प्रश्न कुठलाही असो. मामा, किती वाजले? कामून इचारता? मामा, पाणी आहे का? कामून इचारता? समोरच्याने कारण सांगितलं, तरी ते खरं की खोटं याचा निवाडा त्यांच्या मनात आधी व्हायचा आणि मग उत्तर यायचं. तेही निम्मं. गावी जाताना ते एस.टी.चं तिकीट थेट कन्नडचं काढायचे आणि दोन थांबे आधीच उतरायचे, कारण आपण कुठे उतरतो हे कंडक्टरला तरी कशाला कळायला हवं! चहा आधी हुंगायचे. दुसऱ्याच्या डब्यातलं काही दिलं तर तेही हुंगायचे आणि बहुतेक वेळा परत करायचे. मोजणीला निघण्याआधी साखळीच्या कड्या एकेक करून मोजायचे, कारण काल संध्याकाळी कुलूप लावून ठेवलेल्या साखळीतली एखादी कडी कुणी काढून घेतली तर? आमचा जीपवाला रफिकभाई त्यांना छळायचा.

“मामा, कमसे कम अल्ला पे तो भरोसा रखो.”

“ठिवतो की. पन त्याला बी दोन येळा इचारून घ्यावं लागतं.”

एकदा मी कंटाळून विचारलं की एवढा संशय कशाला. उत्तर मिळणार नाही असं धरूनच विचारलं होतं. पण आम्ही दोघंच माळावर होतो, पथकाची वाट बघत, आणि बहुधा माझ्या आवाजात त्यांना कंटाळाच ऐकू आला, डाव नाही. ते बोलले. निजामाच्या अंमलात त्यांच्या बापाकडे एक अंमलदार घोड्यावरून आला होता. गोड बोलला, चिलीम ओढली आणि तुमच्याकडे सगळ्यात चांगलं गवत कुठं होतं, असं सहज विचारलं. बाप भोळा. हौसेनं नदीकाठचं कुरण दाखवून आला. पुढच्या साली त्या कुरणाला हद्दीचे दगड लागले, सरकारी घोड्यांसाठी म्हणून ते बंद झालं आणि मेंढरं आत गेली म्हणून बापाच्या पाठीवर चाबूक बसला.

“कागदावर गेलं की गेलं,” मामा म्हणाले. “तू नकाशे काढतो नव्हं? मग तुला ठावं असंल. तुझ्या कागदावर गेलेली येक तरी जमीन मागं आली का?”

मी आठवून पाहिलं. एकही आली नव्हती.

ते दिवसच तसे होते. शहराच्या पश्चिमेला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. पांढऱ्या कपड्यातले जमिनीचे दलाल मोटरसायकलींवरून गावोगाव फिरत. आमच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर ते शिपायांना चहा पाजत आणि कुठला गट कशात जाणार याचा वास काढत. त्यातच विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि सगळं पेटलं. गावागावांत आमच्या वस्त्यांना आगी लागल्या. मी बौद्ध. नाव गौतम, म्हणजे लपवायला काही जागाच नाही. ज्यांच्याबरोबर मी रोज जेवत होतो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत टेबलं थोडी लांब सरकवली. कुणी काही बोलत नव्हतं, पण मी आत आलो की बोलणं थांबायचं. मीही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हिशेब मांडू लागलो, हा कुणाच्या बाजूचा, तो कुणाच्या. मामांच्या बाबतीत मला काहीच ठरवता येईना. ते पूर्वीही कुणाशी बोलत नव्हते आणि आताही नाही.

असल्या दिवसांत आम्हाला एका गावात हद्दीचे दगड शोधायला पाठवलं. रफिकभाई आम्हाला सोडून पुढच्या पथकाकडे गेला. भर दुपार. गावाच्या तोंडाशी चिंचेखाली दहा-बाराजण बसले होते, चार जणांच्या हातात काठ्या. आम्हाला बघून ते उठले.

“कुठले?”

“मोजणीवाले,” मामा म्हणाले.

“तुमी ठीक. ह्या पोराचं नाव काय?”

मामांनी नेहमीसारखे डोळे बारीक केले. “कामून इचारता?”

“नाव सांगा म्हन्लं ना!”

“गोविंदा. माझा भाचा हाय. थोरल्या बहिनीचा.” आणि मग जो माणूस पाणी आहे का याचंही सरळ उत्तर देत नसे, तो न विचारता बोलत सुटला. बहिणीचं सासर सांगितलं, आडनाव सांगितलं, कुळदैवत सांगितलं, मेंढरं कशी मेली आणि पोराला कसं कामाला लावलं तेही सांगितलं. मग एकदम वळून माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. “बगत काय हुबा ऱ्हायलास? उचल साखळी!”

मी साखळी उचलली. ते हसले, बाजूला झाले. आम्ही गाव ओलांडून गेलो. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला होता. डोळ्यांत पाणी येईल असा राग. आदल्याच आठवड्यात मी एका नावासाठी मोर्चात घसा फोडून आलो होतो आणि आज स्वतःचं नाव टाकून जिवंत राहिलो होतो.

“माझं नाव का बदललंत?” मी म्हणालो.

“जित्ता हायस नव्हं?”

“तसलं जगणं नको मला.”

मामा थांबले. साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. “मोर्च्यात खरं नाव सांग. वरडून सांग. हितं येकटा व्हतास तू.” मग दुसरीकडे बघत, “बहीन नाय मला. कुनी इचाराया गेलं तर सापडायची नाय.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते येऊन माझ्या टेबलाशी बसले. माझ्या डब्यातली भाजी स्वतःच्या भाकरीवर घेतली आणि खाल्ली. हुंगली नाही. मी डबा त्यांच्याकडे आणखी सरकवला.

पाऊस सरल्यावर एका रविवारी त्यांनी मला भोरड्यांच्या माळावर नेलं. तिथे काही मोजायचं नव्हतं. शहराच्या पश्चिमेचा हा विस्तीर्ण माळ सरकारी दप्तरात ‘पडीक’ होता. मीच कितीतरी वेळा तिथे ते तीन अक्षरी नाव सुबक काढलं होतं. पण पडीक म्हणावं असं तिथे काही नव्हतं. कमरेएवढं गवत, पिवळं-तांबूस, त्यात चंडोल उठत होते. मामा चालता चालता नावं सांगत होते, ही कुसळी, हा पवन्या, ही मारवेल. इतकं सलग बोलताना मी त्यांना चिंचेखालीच काय ते ऐकलं होतं. एका उंचवट्यामागे त्यांनी मला पालथं झोपवलं. खाली ओघळीच्या कडेला एक मादी पडली होती आणि तीन पिल्लं तिच्या शेपटीशी खेळत होती. मला आधी कुत्री वाटली.

“लांडगा?” मी कुजबुजलो.

मामांनी माझं तोंड दाबलं. “नाव नाय घ्यायचं. पावना म्हन.” त्यांच्या घरात तसं म्हणत. मेंढरांतलं एखादं कोकरू पावन्याचा वाटा धरत, त्याचा राग करत नसत. आणि पावन्याचं घर कुठं आहे ते मेंढपाळ कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. सांगितलं की कुणीतरी बिळात धूर करतं.

परत येताना त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली नाही. एवढंच म्हणाले, “तुझं म्या कुनाला सांगितलं नाय. ह्याचं तू सांगू नको.”

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे वर्तक नावाचे साहेब आले. पुण्याचे, शांत, गळ्यात दुर्बीण. मला ते पहिल्या दिवसापासून खटकले. जमीन मोजायला आलेल्या माणसाला पाखरं कशाला बघायची असतात? शिवाय दोनदा मी त्यांना एका कारखानदाराच्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं. मी हे मामांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं मी पुढे कितीदा म्हणालो असेन. मामांनी नुसती मान हलवली आणि साहेबांच्या नावापुढे मनात काय नोंद करायची ती केली.

औद्योगिक वसाहत वाढवायची होती आणि त्या बाजूला दोनच मोकळ्या जागा उरल्या होत्या. एक भोरड्यांचा माळ आणि दुसरी त्याच्यापासून काही अंतरावरची मुरमाची टेकडी. टेकडी म्हणजे मुरूम उपसून उपसून बोडकी झालेली, जिथे सरडाही विचार करून जाईल. एका दुपारी त्या दोन्हींच्या मधल्या बांधावर साहेब उभे होते, दुर्बीण लावून. मी फळीवर कागद ताणत होतो, मामा साखळी गुंडाळत होते, रफिकभाई जीपला टेकून उभा होता.

“लिंबाजी,” साहेब म्हणाले, “इकडे लांडगे कुठे असतात हो?”

“कामून इचारता साहेब?”

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. काहीतरी सांगण्यासाठी त्यांचं तोंड उघडलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रफिकभाईकडे पाहिलं आणि म्हणाले, “सहज.”

मामांचे डोळे इतके बारीक झाले की मिटल्यासारखे दिसले. त्यांनी हात लांब केला. मुरमाच्या टेकडीकडे.

“तिथं. त्या टेकाडावर.”

“नक्की? आणि या माळावर?”

“माळावर काय हाय? वाळलेलं गवत. माझ्या बापानं बी तिकडंच पायले.”

साहेबांनी मोजणीच्या वहीत सगळं लिहून घेतलं. वही पुढे केली. मामांनी अंगठा उमटवला आणि शाई धोतराला पुसता पुसता माझ्याकडे एकदा बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यात हसू होतं. मी मान खाली घालून कागद ताणत राहिलो. माझ्याही मनात हेच आलं की बरा फसवला.

दोन-तीन महिन्यांनी साहेबांची कोकणात बदली झाली आणि त्यांनी तयार केलेला कच्चा आराखडा वरून मंजूर होऊन शाईने उतरवायला माझ्या टेबलावर आला. मी रेघ मारायला घेतली. भोरड्यांच्या माळावर लिहिलं होतं, ‘औद्योगिक विस्तार’. आणि मुरमाच्या टेकडीभोवती हिरवी रेघ, आत साहेबांच्या बारीक अक्षरात, ‘वन्य प्राण्यांसाठी कायम राखीव’.

माझ्या हातातला टाक थांबला. दोन जागांपैकी एक जनावरांसाठी सोडवून घ्यायची म्हणून तो माणूस वर्षभर झगडला होता. कारखानदाराच्या गाडीतूनही त्यासाठीच फिरला होता, हे मला त्याच फायलीतल्या टिपणावरून कळलं. जनावर खरोखर जिथे आहे तीच जागा राखायची, असं त्यानं ठरवलं होतं. पण ते बाहेर फुटलं तर दलाल आधी तिथे पोहोचतील, या भीतीनं त्यानं आम्हाला कारण सांगितलं नव्हतं. त्याला आमचा संशय, मामांना त्याचा आणि मला दोघांचाही.

मी मामांना बोलावलं. त्यांनी नकाशा स्वतः वाचला, बोट ठेवून, ओठ हलवत. दोनदा वाचला. मग स्टुलावर बसले.

“सहज म्हन्ला ना त्यो,” ते म्हणाले. “सांगितलं का नाय मग? मला सांगितलं का नाय त्यानं?”

मी फायलीतलं ते टिपण त्यांच्यापुढे ठेवलं.

आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या गेल्या. मामांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. लिहायला दोन दिवस लागले. माझी नजर चुकली, जनावर टेकडीवर नाही, माळावर आहे, टेकडी कारखान्याला द्या. अर्जाखाली त्यांनी सही केली. मोठी, थरथरती अक्षरं, ‘लिंबाजी’. कार्यालयात अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मामांना लिहिता येतं.

सुनावणीला नवे साहेब होते. खोली भरली होती, बहुतेक दलालांनी आणि जमीनवाल्यांनी. साहेबांनी अर्ज वाचला, मग मोजणीची वही उघडून पुढे धरली.

“हा अंगठा कुणाचा?”

“माझा.”

“नक्की तुमचाच?”

मामांनी वहीवर वाकून पाहिलं. मग, “माझाच हाय. दुसऱ्याचा कसा आसंल?”

“इथे तुम्ही टेकडीवर म्हणता, अर्जात माळावर म्हणता. खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?”

“तवा.”

“कशासाठी?”

मामांनी खोलीभर पाहिलं. “साहेब सहज म्हनले व्हते,” ते म्हणाले आणि खोली हसली. खूप हसली. साहेबांनीही हसू आवरलं आणि विचारलं, “दुसरं कुणी पाहिलंय का माळावर जनावर? कुणी साक्षीदार?”

मी शेवटच्या बाकावर होतो. मामांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ते मुद्दाम समोर बघत राहिले, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मी उठलो असतो तर माझं नाव विचारलं असतं. पूर्ण नाव, त्या खोलीत, त्या दिवसांत. शिवाय नोकरी. शिवाय मीही तेव्हा गप्प बसलो होतो ते बाहेर आलं असतं. अशी कारणं आजही मला भराभर सुचतात. मी उठलो नाही. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर मामा मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. “चल, चहा घिऊ,” म्हणाले. चहा हुंगून प्याले.

माळावर यंत्रं यायच्या आधीच्या हिवाळ्यात मामा रोज संध्याकाळी आणि सगळ्या रविवारी तिथे असायचे. गवताचं बी ओरबाडून पोत्यात भरायचे. मी दोनदा मदतीला गेलो, तर मला कुसळीचं बी कुठलं आणि पवन्याचं कुठलं हे कळेना, म्हणून त्यांनी मला पोत्याचं तोंड धरायला लावलं. मग यंत्रं आली. पावना कुठे गेला कुणाला माहीत नाही. पुढे कधीतरी रस्त्यावर ट्रकखाली एक सापडल्याचं रफिकभाईनं सांगितलं. मामांनी विचारलं, नर की मादी. रफिकभाईला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी साखळीच्या कड्या मोजल्या नाहीत.

लवकरच ते निवृत्त झाले आणि मुरमाच्या टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली बांधून राहू लागले. लोकांनी नाना तर्क केले. म्हातारा जागा बळकावणार. म्हाताऱ्याला गुप्तधनाचा सुगावा लागलाय. मला खरं कारण त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं. “खोटं बोललो व्हतो नव्हं? आता ते खरं करतो.”

टेकडीवर सरकारने आधी झाडं लावली होती, खड्डे करून, ओळीत. मामांना ती आवडायची नाहीत. “पावन्याला सावली कशाला? त्यो काय पानटपरीवर बसनार हाय?” झाडं बरीचशी वाळली, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं नाही. ते उतारावर दगडांचे बुटके बांध घालायचे, पावसाळ्याआधी बी टाकायचे. पहिल्या वर्षी सगळं वाहून गेलं. दुसऱ्या वर्षी दगडांच्या आडोशाला ओंजळभर उगवलं, ते शेळ्यांनी खाल्लं. आयुष्यभर मेंढपाळांचं कूळ सांगणारा माणूस मेंढपाळांशी भांडू लागला. मग भांडण सोडून त्यांनी तोड काढली, बी झडल्यावर चारा, आधी नाही. मेंढपाळ ऐकायचे, कारण मामांच्या शिव्या मेंढपाळाच्याच होत्या.

मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जायचो, आणि मग तेही राहून गेलं. शरम होतीच.

नामविस्तार झाला त्या जानेवारीत मी पेढे घेऊन गेलो. इतक्या वर्षांनी विद्यापीठाच्या फाटकावर नाव आलं होतं, शहरात रात्रंदिवस ढोल वाजत होते. मामा खोलीपुढे बसले होते, फार वाळलेले. मी बातमी सांगितली.

“कागद पायला का?” त्यांनी विचारलं.

“पाहिला मामा. पाटी पण पाहिली.”

“तू सोता?”

“मी स्वतः.”

मग त्यांनी पेढा घेतला. हुंगला नाही. खाता खाता त्यांची हनुवटी हलत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

पण मी नुसता पेढे द्यायला गेलो नव्हतो. आराखड्याची फेरतपासणी सुरू झाली होती आणि आता माझ्याकडे थोडा अधिकार होता. टेकडीवर एकही जनावर नाही, राखीव ठेवून उपयोग काय, ती भूखंडांना मोकळी करा, असा प्रस्ताव माझ्याच टेबलावर होता.

“मामा,” मी म्हणालो, “टेकडीवर काही आहे का?”

डोळे बारीक झाले. “कामून इचारतो?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. प्रस्ताव कुणाचा, कधी निर्णय, काय लागेल, माझ्या हातात किती आणि हातात नाही किती. “जनावर असेल तर टेकडी वाचवता येईल. नसेल तर जाईल. म्हणून विचारतोय.”

एवढ्या आयुष्यात मामांच्या त्या प्रश्नाचं कुणी असं पुरतं उत्तर दिलं होतं की नाही, कोण जाणे. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

टेकडीवर गवत होतं. सगळीकडे नाही. टकलावर केस यावेत तसं, ठिगळाठिगळांनी. पण कुसळी होती, पवन्या होता आणि एका ठिकाणी चंडोल उठला. मागच्या उतारावर त्यांनी मला बसवलं. समोर मुरमात तीन-चार बिळं, एकमेकांजवळ. तोंडाशी ताजी माती, वाळकी विष्ठा आणि त्यात बोरांच्या बिया.

“पावना?” मी विचारलं. तसं असावं, असं मला वाटत होतं.

“नाय,” मामा म्हणाले. “पावना नाय. खोकड हाय, कोल्ह्याहून बारकं. जोडी. ससे बी हायेत. पावना यील का नाय ते मला ठावं नाय. खोटं नाय सांगायचो आता.”

मी पिशवीतून वही काढली.

“लिव्ह,” ते म्हणाले. “कुठली बाजू, किती बिळं, समदं लिव्ह. आन् कामून लिव्हतो ते बी लिव्ह. वर लिव्ह, पयलं.”

मी लिहिलं. ही टेकडी या प्राण्यांसाठी राखून ठेवावी म्हणून ही नोंद. त्यांनी वही घेतली, बोट ठेवून वाचली, परत दिली.

“खाली साक्षीदार म्हनून तुझं नाव घाल. गोविंदा नगं. खरं. पुरं.”

मी माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. अक्षरं कधी नाही इतकी वेडीवाकडी आली. सुनावणीच्या दिवशीचं काहीतरी बोलावं असं मनात आलं, पण मामांनी हात पुढे केला होता आणि त्यांना पेन हवं होतं. त्यांनी माझ्या नावाशेजारी सावकाश सही केली, ‘लिंबाजी’. वही लांब धरून सहीकडे पाहिलं. समाधान झालेलं दिसलं नाही. मग त्यांनी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, बिळाच्या तोंडाशी पडलेल्या तांबड्या मातीत अंगठा बुडवला, आणि उद्या कुणाला संशय नको म्हणून तो सहीच्या खाली नीट दाबला.